बोअरसाठी कर्ज देण्याआधी: शिवाराच्या पाण्याचा आणि मातीचा ताळेबंद



गटाच्या सभेत एखादीने शेळ्या घ्यायला कर्ज मागितलं, की आपण दहा प्रश्न विचारतो. किती शेळ्या, चारा कुठून आणणार, आजारी पडल्या तर काय, हप्ता कशातून फेडणार. पण तीच सखी म्हणाली, "शेतात बोअर घ्यायचंय," तर आपण एकच प्रश्न विचारतो, "पाणी लागेल का?" आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: पाणाड्याने जागा दाखवलीय, नारळ उभा राहिला. झालं, सह्या होतात.

बोअर कोरडं गेलं तरी हप्ता थांबत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाणी लागलं तरी विचारायचा प्रश्न संपत नाही. आपल्याकडचा खडक काळा पाषाण आहे. त्यात पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. एका सखीच्या बोअरमध्ये येणारं पाणी पुष्कळदा दुसरीच्या विहिरीकडे जाणारंच असतं. म्हणजे एका कर्जाने आपण एकीचं पाणी दुसरीला देतो, आणि दोघीही आपल्याच गटाच्या सभासद असतात. म्हणून या वेळचा अभ्यास जरा हिशेबाचा घेतलाय. वही-पेन घेऊन बसा. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटरही चालेल.

मॉडेल म्हणजे काय

शेतीतल्या माती-पाण्याचं 'मॉडेल' असा शब्द प्रशिक्षणांमधून हल्ली बराच कानावर येतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या 'पोकरा' प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं असं मॉडेल तयार केलं. ते कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे आपल्याला वाटतं हे काही आपलं काम नाही. पण लग्नाच्या जेवणाचा आचारी काय करतो? पानं किती ते विचारतो, माणशी तांदूळ किती ते त्याला माहीत असतं, दोन्हींचा गुणाकार करतो, आणि ऐनवेळी येणाऱ्यांसाठी थोडं वाढवून सामानाची यादी देतो. हेच मॉडेल. जे मोजता येतं ते मोजायचं, जे मोजता येत नाही त्याचा अनुभवाने अंदाज धरायचा, आणि पुढे काय होईल ते आजच कागदावर बघायचं.

पुण्यातही दरवर्षी पावसाळा संपला की हेच होतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठतं. कालवा सल्लागार समितीची बैठक भरते. तिथे पुणे शहराला किती, आणि हवेली, दौंड, इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याला किती आवर्तनं, हे ठरतं. मंत्री असतात, आमदार असतात, इंजिनिअर आकडे घेऊन बसतात. भांडणंही होतात, पण निदान आकड्यांवर होतात. ज्या गावांना कालवा नाही, जी नुसती विहिरी-बोअरवर आहेत, त्यांच्यासाठी अशी कुठलीच समिती बसत नाही. तिथे ज्याची मोटर मोठी त्याचं आवर्तन.

पावसाचे लिटर कसे करायचे

एक आकडा पाठ करा, तेवढा पुरतो. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी. हेक्टरवर १०,००० लिटर. पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात म्हणून तो आपल्याला दिसत नाही. लिटर केले की दिसतो.

आता एक गाव मनाशी धरू. शिवार ५०० हेक्टर, घरं ३००, माणसं १,५००. यंदा पाऊस ४५० मिमी झाला. पुरंदर, दौंड, बारामतीकडच्या बायकांना हा आकडा ओळखीचा वाटेल. मुळशी-वेल्ह्याच्या सख्यांनो, तुमचा आकडा याच्या कितीतरी पट येईल, पण मे महिन्यात हंडा तुमच्याही डोक्यावर असतो. का, ते मातीच्या भागात येईल.

५०० हेक्टर गुणिले ४५० गुणिले १०,०००. उत्तर येतं २२५ कोटी लिटर. एवढं पाणी एका गावावर पडलं. आकडा मोठा वाटतो, पण थांबा. यातलं पुष्कळसं पाणी खरिपाची पिकं, गवत, झाडं आणि ऊन घेऊन जातं. बरंचसं ओढ्याने वाहून जातं. आपल्या काळ्या पाषाणात जमिनीखाली जाऊन मुरतं ते साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास. कुठे कमी, कुठे थोडं जास्त. म्हणून २२.५ कोटी लिटर धरू. बंधारे, पाझर तलाव, शेततळी मिळून आणखी ७.५ कोटी साठले असं समजू. झाले ३० कोटी.

हे सगळं उपसता येत नाही. तळ्यातलं काही ऊन पितं, आणि मुरलेल्यातलं काही पाणी हळूहळू पाझरून ओढ्याला लागतं. दिवाळीनंतरही ओढा वाहताना दिसतो ना, ते हेच पाणी. त्यासाठी ९ कोटी सोडा. उरले २१ कोटी लिटर. ऑक्टोबर ते मे, या आठ महिन्यांची ही गावाची शिल्लक.

खर्चाची बाजू. पहिला मान माणसांचा. जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर धरलेत. १,५०० माणसं, ५५ लिटर, २४० दिवस: साधारण २ कोटी लिटर. गावात ६०० गाई-म्हशी, रोज ५० लिटरप्रमाणे, झाले ७२ लाख. शेळ्या-कोंबड्या, लग्नकार्य, यात्रा धरून सगळे मिळून ३ कोटी. म्हणजे पिण्याला लागणारं पाणी शिल्लकीच्या सातव्या हिश्श्याएवढंच आहे! तरीसुद्धा टँकर येतो. कारण हे ३ कोटी कोणी आधी बाजूला काढत नाही. शेतीचं भागून जे उरेल ते प्यायला, असं आपोआप ठरून जातं.

उरले १८ कोटी, म्हणजे १,८०० लाख लिटर. आता पिकं. रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याला जमिनीतल्या ओलीवर दोन पाणी द्यायची तर एकरी साधारण ६ लाख लिटर लागतं. गव्हाला १६ लाखांच्या आसपास. उसाला वर्षभरात २,००० मिमी किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. पावसाने दिलेलं वजा केलं तरी एकरी ६० लाख लिटर विहिरीतून द्यावं लागतं.

भागाकार करून बघा. सगळ्या गावाने ज्वारी-हरभरा केला तर ३०० एकर भिजतात, घरटी एक एकर. सगळा गहू केला तर सव्वाशेही नाहीत, ११२ एकर. आणि ऊस केला तर ३० एकर. फक्त ३० एकर! तीनशे घरांच्या गावात तीस घरांनी एकेक एकर ऊस लावला, की शेतीच्या पाण्याची वही बंद. एकतिसाव्या एकराचं पाणी कुठून येणार? त्या बाजूला न काढलेल्या ३ कोटींतून.

ऊस लावणाऱ्याला लगेच दोष देऊ नका. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे, रानडुकरांनी थोडा खाल्ला तरी हाती काही लागतं. ज्वारीला काय आहे? काढणीला माणूस मिळत नाही आणि भाव व्यापाऱ्याच्या मर्जीवर. हा प्रश्न खरा आहे आणि तो नुसत्या पाण्याच्या हिशेबाने सुटणार नाही. ठिबक केलं तर उसाचं पाणी बरंच वाचतं, हेही खरं. फक्त वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस वाढवला तर गावाच्या वहीत काहीच जमा होत नाही. मी पाहिलंय ते बहुतेक ठिकाणी असंच.

आपल्याच जिल्ह्यात हे करून झालंय

हा हिशेब कुठून बाहेरून आलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात पुण्यातले उद्योजक आणि अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली. पुढे १९७४ च्या सुमारास नायगावच्या देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड माळजमीन त्यांनी कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताईंबरोबर तिथेच राहून काम केलं. उताराला आडवे बांध, खाली पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर. माळावर धान्य पिकायला लागलं.

पण बांध-बंधारे पुष्कळांनी केलेत. साळुंख्यांचं वेगळेपण त्या पाण्याच्या वाटपात आहे. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. नियम असे होते: पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो गटाकडे परत येतो. उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आपल्या खिशातून घालायचा. आणि पाणी सोडायला गटाने नेमलेला पाटकरी, तो सांगेल त्या पाळीने.

भूमिहीनाला पाणी देऊन काय उपयोग, असं एका सभेत एका काकूंनी मला विचारलं. उपयोग असा, की जमीन असणारा त्याच्याशी वाट्याने शेती करायला तयार होतो. एकाची जमीन, दुसऱ्याचं पाणी. आपल्या गटांत ज्यांच्या नावावर गुंठाही नाही अशा किती जणी आहेत, ते मोजा, म्हणजे हा नियम किती मोठा होता ते कळेल.

नगर जिल्ह्यातलं (आताचं अहिल्यानगर) हिवरे बाजार बऱ्याच जणींनी सहलीत पाहिलंय. तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचला जातो आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. सहलीत आपण झाडं आणि स्वच्छ रस्ते बघून येतो. पुढच्या वेळी तो ताळेबंद बघायला मागा.

माती ही आपली पहिली टाकी

आता मुळशी-वेल्ह्याच्या सख्यांचा प्रश्न. एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात पाणी का नाही? उतार जास्त, मातीचा थर पातळ. पाणी ठेवायला टाकीच नाही.

मातीला टाकी म्हणते ते नुसतं बोलायचं म्हणून नाही. मीटरभर खोल काळी जमीन असेल, तर एका एकरात पिकाला वापरता येईल असं ६ ते ८ लाख लिटर पाणी ती धरून ठेवते. वर आपण ज्वारीला एकरी किती पाणी धरलं होतं? ६ लाख. म्हणजे चांगल्या काळ्या जमिनीत ज्वारीची गरज मातीच भागवू शकते. पाऊण फुटाच्या मुरमाड जमिनीत जेमतेम एक लाख लिटर राहतं. तिथे मोटर चालू करावीच लागते.

ही टाकी दरवर्षी थोडी थोडी लहान होते. एका एकरावरून एक मिलिमीटर मातीचा थर वाहून गेला तर ती माती भरते साधारण ५ टन, दीड ब्रासच्या आसपास. एक मिलिमीटर म्हणजे दहा पैशाच्या जुन्या नाण्याएवढीही जाडी नाही. डोळ्याला कळतही नाही. पण कोणी आपल्या रानातून दीड ब्रास माती ट्रॉलीत भरून नेली असती, तर आपण पोलीस पाटलाला बोलावलं असतं.

मातीच्या नुकसानीचंही मॉडेल आहे. उतारावर छोटे वाफे करून वाहून जाणारी माती आणि पाणी मोजायचं काम आपल्याकडे फार जुनं आहे. कोरडवाहू शेतीचं संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळच्या मांजरीत सुरू झालं, पुढे १९३३ पासून सोलापूरला वाढलं, आणि तिथे असे वाफे मोजले गेले. अमेरिकेत विश्मायर आणि स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी अशा हजारो नोंदी एकत्र करून एक सूत्र बसवलं. ते १९६५ मध्ये छापलं गेलं आणि आजही जगभर वापरतात. सूत्रात सहा गोष्टी आहेत: पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराचा चढ, जमिनीवरचं झाकण, आणि आपण केलेले उपाय, म्हणजे बांध, आडवी पेरणी वगैरे.

या सहा गोष्टींची बेरीज नाही, गुणाकार आहे. आपल्या कामाचं आहे ते एवढंच. गुणाकारात एक आकडा निम्मा केला की उत्तरच निम्मं होतं. पाऊस आपल्या हातात नाही, मातीचा प्रकार नाही. पण बाकीच्या चार गोष्टींना हात लावता येतो. समजा एका उताराच्या रानातून वर्षाला १० टन माती जाते. साध्या उतारावर पेरणी उताराला आडवी केली तर नुकसान निम्म्यावर येऊ शकतं. राहिले ५ टन. त्यात पिकाच्या ओळींमधली जमीन भुसा-पाचटाने झाकली आणि त्याने नुकसान आणखी चाळीस टक्क्यांवर आलं, असं धरलं, तर राहिले २ टन. ना जेसीबी, ना सरकारी मंजुरी. पेरणीची दिशा बदलली आणि पाचट पेटवलं नाही, एवढंच.

उसाचं पाचट एकरी तीन-चार टन निघतं आणि आपण काडी लावून मोकळे होतो. शेणाचं मात्र मी सहज बोलू शकत नाही. शेणखत घाला म्हणणं सोपं आहे, पण ज्या घरात गॅसचा सिलिंडर भरायला पैसे नसतात तिथे शेण गोवऱ्यांत जातं. चुलीला एक आणि रानाला एक, असे दोन हिशेब एकाच पाटीतून चालतात. निदान गोवऱ्यांची राख उकिरड्यात जाऊ द्या.

आपण स्वतः काय मोजायचं

मॉडेलचा आकडा हा अंदाज असतो. सहा-सात वर्षांची माती एखाद्या रात्रीच्या मुसळधार पावसात जाऊ शकते. एका विहिरीचा खडक दुसरीसारखा नसतो. म्हणून अंदाज मांडला की मोजून पडताळायचा. त्यासाठी तीन मोजमापं गटाला सहज जमतात.

पाऊस मोजायला सरळ उभ्या भिंतीचा डबा घ्या. वर निमुळता किंवा पोट सुटलेला नको. उघड्या जागी, झाडापासून लांब, दगडांत घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला मुलांच्या कंपासमधली पट्टी आत धरून मिलिमीटर वाचा, वहीत लिहा, पाणी ओतून द्या. पट्टीचा शून्य काठापासून थोडा आत असतो, तेवढं धरा. हवामान खातंही साडेआठलाच वाचन घेतं. महसूल मंडळातलं सरकारी यंत्र दहा किलोमीटरवर असू शकतं. तिकडे पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल असं नाही.

विहिरीसाठी दोरीला दर हातावर गाठ मारा आणि टोकाला दगड बांधा. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी, ते लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा (तिचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे) आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आपणही त्याच महिन्यांत मोजू. मोटर चालू असताना मोजू नका. रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा.

तिसरं माप मातीचं. एका डब्याची दोन्ही झाकणं कापून नळकांडं करा. ते दोन बोटं जमिनीत दाबा, आत तांब्याभर पाणी ओता. ते मुरलं की दुसरा तांब्या ओता आणि त्याला मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. एकदा बांधावरच्या गवतात करा, एकदा नांगरलेल्या रानात, एकदा ट्रॅक्टरच्या चाकोरीत. आकडे शेजारी शेजारी लिहिले की शिकवायला कोणी बाहेरून यायची गरज नाही.

सभेत नेताना

"आमच्या नावावर सातबारा नाही, आमचं कोण ऐकणार?" हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. पिण्याच्या पाण्याला सातबारा लागत नाही. आणि कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. २ ऑक्टोबरची ग्रामसभा रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर येते, म्हणजे हिशेब मांडायची वेळ नेमकी तीच.

त्यासाठी सप्टेंबरच्या मासिक सभेत पुढचं काम वाटून घ्या. एकीने पावसाची बेरीज करायची. दोघींनी पाच विहिरी मोजायच्या: दोन वरच्या अंगाच्या, दोन ओढ्याकाठच्या, आणि पिण्याच्या पाण्याची एक. शिवाराचं क्षेत्र तलाठी कार्यालयातून आणायचं, जनावरांची संख्या अंगणवाडी ताई किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायची. मागच्या वर्षी ऊस, गहू, कांदा किती एकर होता, हे गावातल्या बायकांना पाठच असतं, कारण खुरपायला त्याच जातात. वरच्या गावाच्या जागी आपले आकडे घाला आणि मोठ्या कागदावर जाड अक्षरात मांडा. महिला सभेत ठराव एवढाच घ्या: पिण्याचं आणि जनावरांचं पाणी पहिलं बाजूला, आणि पिण्याच्या विहिरीच्या आसपास नवीन बोअर नको. ठराव कार्यवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका. त्याची नक्कल मागा.

आणि गटाच्या कर्ज अर्जाला यापुढे एक पान जोडूया. बोअर किंवा विहीर खोल करण्यासाठी अर्ज आला, तर त्या पानावर चार गोष्टी लिहायच्या: शेजारच्या तीन विहिरींची ऑक्टोबर आणि मेमधली पातळी, आजूबाजूला आधीची बोअर किती आणि त्यातली कोरडी किती, नव्या पाण्यावर कुठलं पीक किती एकर घेणार, आणि बोअर कोरडं गेलं तर हप्ता कशातून फेडणार. पान भरलेलं असेल तरच अर्ज सभेपुढे ठेवायचा. कोऱ्या पानाचा नमुना पुढच्या महिन्यात सीआरपी ताईंकडे देते. ज्या गटांना आधी हवा असेल त्यांनी वहीत हाताने आखून घेतला तरी चालेल.